रेझिन की सिंटर्ड : सायकलच्या ब्रेक पॅडचा माझा अनुभव

यंदा जुलैच्या पहिल्या आठवड्यात सिंहगडाचा घाट सायकलने उतरताना पुढचा ब्रेक दाबला की खरखर ऐकू येऊ लागली. माझ्या सायकलला डिस्क ब्रेक आहेत; कॅलिपरमध्ये, म्हणजे पॅड धरून दाबणाऱ्या भागात, वाळू अडकली असेल, असे समजून मी तशीच सायकल घरी आणली. चाक काढून पॅड बाहेर ओढले, तर एका कडेला घर्षणाचा थर पूर्ण संपून मागची धातूची पट्टीच रोटरवर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या चकतीवर, घासत होती. थर ०.५ मिलिमीटर उरला की पॅड बदलावेत, अशी ब्रेक बनवणाऱ्या शिमानो कंपनीची सूचना आहे. ती वेळ मी केव्हाच ओलांडली होती.

दुकानातल्या मिस्त्रींनी जुना पॅड बोटांत फिरवून पाहिला आणि म्हणाले, "मेटलचे टाका साहेब, पुढच्या पावसाळ्यापर्यंत बघायला नको." त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. माझे जुने पॅड रेझिनचे, म्हणजे तंतू आणि भुकटी रेझिनने बांधून केलेले. ते फारसा आवाज करत नाहीत आणि थंड असतानाही लगेच पकड घेतात. मात्र पावसातल्या राड्यात भराभर झिजतात आणि लांब उतारावर सतत तापत राहिले, तर त्यांचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होऊन पकड सुटते. मिस्त्री म्हणत होते त्या मेटलच्या, म्हणजे सिंटर्ड, पॅडमध्ये धातूची भुकटी उष्णतेने व दाबाने एकजीव केलेली असते. तो चिखल आणि ताप दोन्ही सोसतो, पण थंड असताना सुरुवातीची पकड कमी देतो, ओला झाला की किंचाळतो आणि उष्णताही कॅलिपरकडे अधिक पोहोचवतो. माझे वजन ८४ किलो आणि दर रविवारी घाट, त्यामुळे मी फार विचार न करता सिंटर्डची जोडी घेतली.

पॅड बसवण्याआधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने रोटर पुसताना काजळी निघाली आणि तिच्याखाली कोरलेली बारीक इंग्रजी अक्षरे दिसली : 'रेझिन पॅड ओन्ली'. या रोटरचे पोलाद तुलनेने मऊ असते आणि सिंटर्ड पॅड ते लवकर खाऊन टाकतो. तीन वर्षे हीच सायकल चालवूनही ही ओळ मी कधी वाचली नव्हती, आणि दुकानातही कोणी पाहिली नाही. पॅडची निवड खरे तर या ओळीपासूनच सुरू व्हायला हवी होती. व्हर्नियरने मोजले, तर रोटर १.६ मिलिमीटर भरला, नवा १.८ असतो आणि १.५ ला बाद होतो. त्याचे आयुष्य तसेही सरत आले होते, म्हणून पुढच्या चाकाला सिंटर्ड चालणारा नवा रोटर घेतला. ब्रेक लावताना वजन पुढे सरकते आणि मुख्य भार पुढच्या ब्रेकवर येतो, म्हणून मागच्या चाकाला त्याचा जुना रोटर आणि रेझिनचे पॅडच ठेवले.

पिस्टन प्लास्टिकच्या टायर लिव्हरने हलकेच मागे सारून पॅड बसवले, मग नवे पॅड रोटरवर रुळावेत म्हणून मोकळ्या रस्त्यावर वेग घेऊन, पूर्ण न थांबता, तो चालण्याइतका कमी करायचा, असे वीसेक वेळा केले. पहिल्या चार-पाच वेळा ब्रेक इतका कच्चा लागला की पैसे वाया गेले असे वाटले. नंतर ब्रेकचा लिव्हर हळूहळू भरीव लागू लागला.

परवाच्या पावसात सोसायटीच्या फाटकापाशी पुढचा ब्रेक असा किंचाळला की मी वळणावर दिसण्याआधीच वॉचमनकाकांनी फाटक उघडले. मागचा अजून गप्प आहे. त्याचे पॅड ऑक्टोबरात काढून मोजायचे आहेत.