लोट्याला सॉल्व्हंटचा हिशोब बघायला गेलो त्याची गोष्ट

आमच्या रोह्याच्या युनिटमध्ये वापरलेलं सॉल्व्हंट (पदार्थ विरघळवायला लागणारं द्रव रसायन) विकायचं की तिथेच गाळायचं, म्हणजे उकळून त्याची वाफ थंड करून परत मिळवायचं, यावर दोन महिने नुसती चर्चा चालली होती. शेवटी साहेब म्हणाले, "खेडजवळ लोट्याला एका औषध कंपनीत असा रिकव्हरी प्लँट आहे, जाऊन बघून ये." दिवा-सावंतवाडी गाडीने खेडला उतरलो आणि रिक्षा केली. रिक्षावाला म्हणाला, "एमआयडीसी ना? वास आला की समजा पोचलो."

जाणार असाल तर मुद्दाम जुलैत जा. उन्हाळ्यात सगळ्यांचेच ड्रम कोरडे दिसतात. कोकणच्या पावसात शेडचं पाणी कुठे वाहतं, ते बघण्यासारखं असतं. कपडे सुती घाला, नायलॉनने स्टॅटिक होतं, म्हणजे ठिणगी उडू शकते. मोबाईल गेटवरच ठेवून घेतात, म्हणून वही-पेन न्या.

गेटजवळच्या फलकावर सॉल्व्हंटच्या पुनर्वापराची टक्केवारी मोठ्या अक्षरांत रंगवलेली होती. मी भारावलो, पण कॉलमवरचा, म्हणजे गाळण्याच्या उंच नळकांड्यावरचा, ऑपरेटर हसला. मग त्याने मेजरिंग सिलिंडरमध्ये टोल्युइन आणि मिथेनॉल या दोन सॉल्व्हंटचं मिश्रण घेतलं, त्यात पाणी ओतलं आणि हलवून ठेवून दिलं. पाचेक मिनिटांत दोन थर झाले. वर टोल्युइन, खाली पाण्यात उतरलेलं मिथेनॉल. मिथेनॉल 64.7 अंशांना उकळतं, टोल्युइन 110.6 ला. कागदावर सोपं वाटतं, पण दोन्ही एकत्र आली की 64 च्या आसपास जोडीनेच वर येतात, नुसत्या गाळण्याने सुटत नाहीत. म्हणून असं पाण्याने धुवायचं. पण धुतलेलं ते पाणी जातं कुठे? स्ट्रिपरला (पाण्यातून मिथेनॉल वेगळं काढणारं यंत्र), नाहीतर ईटीपीला (सांडपाणी शुद्ध करणारा प्लँट). मिथेनॉल ईटीपीत गेलं तर सगळा भार त्याच्यावर, आणि फलकावरचा आकडा मात्र छानच राहतो.

म्हणून टक्केवारी विचारूच नका. वर्षभरात नवं सॉल्व्हंट किती टन घेतलं आणि माल किती निघाला, एवढंच विचारा. हजार लिटर टाकून नऊशे परत आलं, तर उरलेलं शंभर वाफेत, पाण्यात की तळाच्या गाळात गेलं, ते दाखवायला सांगा. आमच्या युनिटकडेही याचं उत्तर नाही, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं. लाज वाटली.

ड्रमची शेड चुकवू नका. 2016 च्या नियमांनुसार घातक कचरा साधारणपणे 90 दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, त्यामुळे लेबलावरची तारीख स्वतः वाचा. पिवळ्या लेबलावर मराठीतही इशारा लागतो. एका ड्रमवरची शाई पावसाने वाहून गेली होती. दाखवल्यावर सुपरवायझर म्हणाले, "हां, तो परवाच आलाय." परवा म्हणजे कधी, ते मी विचारलं नाही. वापरलेला कार्बन आणि गाळ बाहेर पाठवतात, त्याच्या मॅनिफेस्टच्या, म्हणजे कचऱ्यासोबत जाणाऱ्या कागदाच्या, सात रंगीत प्रती असतात. निळी प्रत कचरा घेणाऱ्याकडून परत येते, तीच फाइल मागा. माझ्यासमोर त्यांनी ती काढली आणि एक प्रत शोधायला बराच वेळ लागला.

परतीची गाडी चुकू नये म्हणून पाचच्या आत निघा. महामार्गावर एसटी थांबते, पण पावसात हात दिसत नाही. छत्री हलवा.