पेट्रोलच्या आधी मीठ

आजचा दिवस हिशेब, खरेदी आणि कायदा विभागातल्या मंडळींना रिफायनरी समजावण्यात गेला. बहुतेकांची समजूत एकच: कच्चं तेल तापवलं की पेट्रोल निघतं. त्याआधीची पायरी कुणाच्या गावीही नव्हती, आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते.

कच्च्या तेलासोबत खारं पाणी येतं. डिसॉल्टरमध्ये, म्हणजे मीठ काढणाऱ्या टाकीत, साधारण 120 ते 150 अंश सेल्सिअसला त्यात 5 टक्क्यांच्या आसपास धुण्याचं पाणी मिसळतात. मग विजेच्या क्षेत्रात बारीक थेंब एकमेकांत मिळून मोठे होतात, मीठ घेऊन तळाशी बसतात. हे नीट झालं नाही, तर मॅग्नेशियम आणि कॅल्शियम क्लोराइडपासून पुढे भट्टीत हायड्रोजन क्लोराइड तयार होतो. गरम वायू असेपर्यंत तो फारसा त्रास देत नाही. तेलाचे घटक वेगळे करणाऱ्या मनोऱ्याच्या माथ्यावर वाफेचं पाणी झालं, की त्यात विरघळून त्याचं आम्ल होतं आणि कंडेन्सरच्या (वाफ थंड करणाऱ्या उपकरणाच्या) नळ्या पोखरल्या जातात. गळती दिसते वर, चूक असते सुरुवातीला!

भट्टीत तेल 350 ते 370 अंशांपर्यंतच नेतात. फार पुढे गेलं तर जड रेणू तुटून नळ्यांत कोक, म्हणजे कोळशासारखा घट्ट थर, साचतो. म्हणून तळाचं जड तेल निर्वात मनोऱ्यात कमी दाबावर, म्हणून कमी तापमानातच, उकळवतात.

नाफ्थाचं, म्हणजे कच्च्या तेलातून निघणाऱ्या एका हलक्या द्रवाचं, गणित वेगळं. प्लॅस्टिकसाठी लागणारं इथिलिन मिळवायला तिथे रेणू मुद्दाम तोडायचे असतात: वाफेसोबत, 800 अंशांच्या वर, सेकंदाहूनही कमी वेळ. लगेच थंड केलं नाही, तर हाती आलेलं इथिलिनच पुढच्या अभिक्रियांत वाया जातं.