आजीच्या अंगठीतलं माणिक: तपासणीचा माझा अनुभव

वाटणीत आजीची अंगठी निघाली आणि माणिक खरं का खोटं यावर घरात दोन पक्ष पडले. आत्या म्हणाली, "इतकं जुनं, म्हणजे अस्सलच असणार." शेवटी ठरलं, तपासूनच घेऊ.

आधी गुजरी, म्हणजे सराफांची पेठ. कोंदण मागून बंद, उजेड शिरायला वावच नाही. सराफ म्हणाले, "खडा सुटा करून न्या की, नाहीतर नेमकं वजन कळायचं नाही." कारागिराने कोंदण उकलून खडा पुडीत बांधून दिला. मी आधीच सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवले होते. सुटा खडा दुसऱ्याच्या हाती द्यायचा म्हणजे एवढी काळजी हवीच.

रत्नं तपासणाऱ्या लॅबमध्ये वजन झालं, पावती मिळाली. तपासणाऱ्या मॅडमनी शेजारी उभं राहू दिलं, हे नशीबच. खड्यात शिरताना प्रकाश किती वळतो ते मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर थेंबभर द्रव, त्यावर खड्याचा सपाट माथा टेकवला. आकडे आले 1.762 आणि 1.770. काच किंवा स्पिनेल (माणकासारखाच दिसणारा दुसरा खडा) असतं तर एकच आकडा आला असता. (ब्रिटिश राजमुकुटातलं प्रसिद्ध 'ब्लॅक प्रिन्स रुबी' प्रत्यक्षात स्पिनेलच आहे, हे तिथेच कळलं.) मी खूश. मॅडम म्हणाल्या, "थांबा हो. भट्टीत बनवलेल्या माणकालाही हेच आकडे येतात." दोन्ही ॲल्युमिनियम ऑक्साइड, दोन्हींचा लाल रंग क्रोमियममुळे.

निकाल लागला मायक्रोस्कोपखाली. खड्याच्या पोटात ग्रामोफोनच्या तबकडीवर असतात तशा बारीक वक्र रेषा आणि मधूनच गोल बुडबुडे! खाणीतल्या माणकात वाढीच्या रेषा सरळ, कोन करून वळलेल्या असतात. बऱ्याचदा रुटाइल या खनिजाच्या बारीक सुयाही दिसतात. फ्रान्सच्या व्हेर्नुईने 1902 मध्ये ज्योतीत पूड वितळवून माणिक बनवायची पद्धत जाहीर केली. वितळलेली पूड थरांवर थर साचत जाते, म्हणून रेषा वक्र. म्हणजे आजीच्या जन्माआधीच असे खडे बनू लागले होते. आत्याचा मुद्दा तिथेच निकालात निघाला.

रिपोर्टवर 'सिंथेटिक रुबी' लिहून आलं. किंमत नाही, ती लॅब लिहीत नाही, सराफालाच विचारावी लागते.

नवं माणिक घेणार असाल तर खाणीतलं आहे एवढ्यावर थांबू नका. तापवलं आहे का, भेगांत शिशाची काच भरली आहे का, हेही रिपोर्टवर लिहून मागा. काच भरलेल्या खड्याला सोनाराच्या ज्योतीची आच किंवा ॲसिड लागलं तर तो बिघडतो, आणि अंगठी दुरुस्तीला टाकताना हे कुणाच्या लक्षात राहत नाही.