उलटलेली मुक्ता: मधला टप्पा हातावेगळा

मधली प्रकरणं आता उभी राहिली आहेत. आठ ते बारा वयाच्या वाचकांसाठी चाललेल्या माझ्या विज्ञान कादंबरीचा कच्चा खर्डा शेवटच्या वळणाशी आलाय, आणि या टप्प्यात जे सापडलं ते आपल्यासारख्या लिहित्या मंडळींना सांगावंसं वाटतंय.

ज्यांना कथानक माहीत नाही त्यांच्यासाठी: मुक्ता आणि निनाद एका वर्गातले, एका बाकावरचे. बंद पडलेल्या एका वेधशाळेत त्यांना एक वाट सापडते. त्या वाटेने सरळ चालत राहिलं की माणूस निघाला तिथेच परत येतो, पण आरशातला होऊन. डावं उजवीकडे, उजवं डावीकडे, हृदयसुद्धा. आणखी एक फेरी मारली की पूर्ववत. वास्तव वाकवायचा एवढा एकच नियम. अख्ख्या पुस्तकात दुसरा नाही, आणि याबाबतीत मी हट्टी आहे. या वयाच्या वाचकाला कितीही अचाट गोष्ट चालते, पण आधी सांगितलेला नियम लेखकाने सोयीसाठी वाकवलेला चालत नाही. ते त्याला पहिल्या वाचनात कळतं.

नियमाचं मूळ मोबियस पट्टीत आहे. १८५८ साली मोबियस आणि लिस्टिंग या दोघा जर्मन गणितज्ञांना ती स्वतंत्रपणे सुचली. दुसऱ्या प्रकरणात निनाद ती बनवतो. मुद्दाम पारदर्शक प्लास्टिकची, कारण कागदाच्या पट्टीवर चित्र फक्त ‘पलीकडच्या बाजूला’ गेलंय असं वाटतं आणि गंमत हरवते. पट्टीला अर्धा पीळ देऊन तो टोकं चिकटवतो, मार्करने एक झेंडा काढतो, त्याच्यापुढे तसाच दुसरा, मग तिसरा. फेरी पूर्ण होते तेव्हा शेवटचा झेंडा पहिल्याच्या विरुद्ध दिशेला फडकत असतो. कुठेही उचलला नाही, पलटला नाही, नुसता सरकवत नेला. तीन मितींचं अवकाशही असं असू शकतं, गणिताला ते मान्य आहे. आपलं विश्व तसं असल्याची खूण मात्र कुठे मिळालेली नाही. कल्पनेची उडी तेवढीच. त्यानंतरचं सगळं खऱ्या विज्ञानाने चालायला हवं, असं ठरवलं आणि तिथून गोष्ट स्वतःहून वाढायला लागली.

मुक्ता डावखुरी आहे. हे आधी केवळ स्वभावचित्रण होतं, आता कादंबरीचा कणा झालंय. वाटेवरून परतलेल्या मुक्ताला सगळी अक्षरं उलटी दिसतात, घड्याळाचे काटे उलटे फिरतात. तिच्या दृष्टीने ती जशीच्या तशी आहे, जगच पालटलंय. पण ती कात्री उचलते आणि कात्री पहिल्यांदाच तिच्या हातात नीट बसते. कागद दुमडत नाही, चुरगळत नाही, रेघेवरून सरळ कापला जातो. ती कापतच राहते. निनाद घाबरून ‘चल, परत जाऊ या’ म्हणतोय आणि हिच्या पायाशी कागदाच्या पट्ट्यांचा ढीग. हे पान लिहिताना मला कळलं की ही मुलगी लगेच परतायला तयार होणार नाही. आजवर जग हिच्या हाताच्या विरुद्ध होतं, ते पहिल्यांदा हिच्या बाजूला आलंय.

मग येते भूक. हा भाग मला सगळ्यात प्रिय आहे. आपल्या शरीरातले बरेचसे रेणू डाव्या-उजव्या हातांसारखे असतात. ग्लुकोजचं आरशातलं रूप जिभेला गोड लागतं, पण शरीर त्यातून ऊर्जा काढू शकत नाही. मुक्ताच्या बाबतीत हेच उलट बाजूने घडतं: जगातली सगळी साखर तिच्यासाठी आरशातली. प्रथिनांचंही तेच. पाणी चालतं, मीठ चालतं, हवा चालते. पोटभर जेवते आणि उपाशीच राहते. इशारा मी वासातून दिलाय. कार्व्होन नावाच्या रेणूचं एक रूप पुदिन्याचा वास देतं आणि त्याचं आरशातलं रूप शेपूच्या बियांसारखा. पुदिन्याचं पान चुरगळून मुक्ता नाकाशी धरते आणि म्हणते, ‘हा शेपू आहे.’ निनाद हसतो. वाचकानेही इथे हसावं आणि दोन प्रकरणांनंतर हे आठवून चमकावं, अशी माझी इच्छा आहे.

ती भूक लपवते. भूक कबूल केली तर परत जावं लागेल, कात्री पुन्हा नकोशी होईल. त्यांचं भांडण या लपवाछपवीवरून आहे, आणि ते लिहायला सर्वाधिक वेळ गेला. त्यातला तुकडा:

‘तू मला सांगितलं का नाहीस?’
‘सांगितलं असतं तर तू ओढत नेलं असतंस.’
‘हो, नेलं असतं!’
‘म्हणूनच.’

दोघंही बरोबर आहेत. ‘वाईट मित्र’ असा कोणी नसताना भांडण रंगवायचं, तर प्रत्येकाला हवी असलेली गोष्ट ठसठशीत असावी लागते. निनादला मुक्ता हवी आहे आणि मुक्ताला स्वतःच्या मापाचं जग.

निनादला कारण समजतं ते स्फटिकांतून. पाश्चरने १८४८ मध्ये टार्टारिक आम्लाच्या एका क्षाराचे स्फटिक भिंगाखाली पाहून, चिमट्याने एकेक वेचून, डावे आणि उजवे असे दोन ढीग केले होते. तेव्हा तो पंचविशीत होता. निनादही तसंच वेचत बसतो, तासन् तास, कंटाळत, आणि दोन ढीग समोर आल्यावर त्याला पुदिना आठवतो. मोठ्या माणसाने समजावून सांगण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

वेधशाळेतल्या म्हाताऱ्या खगोलशास्त्रज्ञ बाईंचं एक लांब भाषण होतं, ते चार ओळींवर आणलं. ‘उलटी तू की जग?’ या वादात त्या भौतिकशास्त्रज्ञ चिएन-शिउंग वू यांचा कोबाल्ट-६० या किरणोत्सारी धातूवरचा प्रयोग सांगतात. तो १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि निसर्ग स्वतः डावं-उजवं ओळखतो हे त्यातून सिद्ध झालं. त्याच वर्षीचं नोबेल ही कल्पना मांडणाऱ्या ली आणि यांग यांना मिळालं, वूंना नाही. यावर मुक्ता भडकते. तेवढं भडकणं ठेवलंय, बाकी भौतिकशास्त्र काढलं.

एक धागा बाहेर ठेवला. मुक्ताबरोबर तिच्या पोटातले जिवाणूही उलटले असणार. आरशातले जिवाणू प्रयोगशाळेत घडवू नयेत, असा इशारा शास्त्रज्ञांच्या एका गटाने डिसेंबर २०२४ मध्ये दिलाय, कारण सजीवांची रोगप्रतिकारशक्ती त्यांना कदाचित ओळखणारच नाही. हे ओढलं तर पुस्तक साथीच्या रोगाचं होईल आणि मैत्री मागे पडेल. ज्यांना घ्यायचाय त्यांनी हा धागा जरूर घ्यावा, त्यात एक वेगळी कादंबरी आहे.

आता शेवट. तोही नियमातूनच निघाला, याचा मला फार आनंद झालाय. भुकेने थकलेली मुक्ता एकटी चालू शकत नाही, तेव्हा निनाद बरोबर जातो. ती सरळ होते, तो उलटतो. दोघं पुन्हा गेले तर तो सरळ आणि ती उलटी. हात धरून कितीही फेऱ्या मारा, दोघांपैकी एक जण कायम उलटाच राहणार. कोणीतरी एकदा एकट्याने जायलाच हवं. निनाद वहीत सम-विषम फेऱ्यांचा तक्ता मांडतो, पुन्हा तपासतो, आणि वही मुक्ताकडे सरकवतो. त्याने लिहिलेलं त्याला सरळ वाचता येतं, तिला मात्र आता ते उलटं दिसतं.

अंधाराची भीती पहिल्या प्रकरणापासून निनादला आहे, त्यामुळे एकटा जाणार तोच. मुक्ता वाटेच्या तोंडाशी थांबणार. ते प्रकरण तिच्या बाजूने लिहायचं ठरवलंय, म्हणजे आत काय घडतं ते वाचकालाही दिसणार नाही. सुरुवातीचं दीड पान झालंय.