चिनी प्लेटवरच्या ढालीचं घराणं शोधलं: माझा अनुभव

माझ्या जुन्या चिनी प्लेटवर एक ढाल, म्हणजे घराण्याचं कुलचिन्ह, रंगवलेली आहे. ते घराणं कोणतं हे शोधायला एकूण चार महिने लागले आणि त्यातले तीन, फी घेऊन असा शोध घेणाऱ्यांच्या फॉर्मच्या एका रकान्यानं खाल्ले. रकान्याचं नाव ‘ब्लेझन’, म्हणजे ढालीवरच्या चिन्हांचं ठरावीक भाषेतलं वर्णन. फोटो जोडले की भागेल असं वाटलं होतं. फी भरल्यावर सहा आठवड्यांनी उत्तर आलं, तेही एका ओळीचं: वर्णनाशी जुळणारी नोंद नाही. फोटो उघडले तरी होते का, देव जाणे.

प्लेट अठराव्या शतकातली, ब्रिटिश घराण्याच्या मागणीवरून केलेली. पांढरी भांडी चीनमधल्या जिंगदेझेनला भाजायची आणि त्यांवर ढाल रंगवायची कँटन बंदरात (आजचं ग्वांगझू), असा तेव्हाचा रिवाज. नमुना म्हणून घराण्याचं बुकप्लेट (पुस्तकात चिकटवायची, मालकाची ढाल छापलेली चिठ्ठी) किंवा एखादं चित्र जहाजावरच्या व्यापाऱ्याबरोबर जायचं, आणि माल घरी पोचायला दोनेक वर्षं लागायची. रंगवणाऱ्याला ढालीचा अर्थ ठाऊक नसायचा. चित्रात रंगाचं नाव लिहिलेलं असेल तर ते अक्षरासकट प्लेटवर उतरल्याचीही उदाहरणं आहेत.

माझी पहिली चूक डाव्या-उजव्याची. ढालीची उजवी बाजू म्हणजे ढाल धरणाऱ्याची उजवी. सिद्धिविनायकाची सोंड उजवी म्हणतो तसंच हे. समोरून बघताना ती आपल्या डावीकडे असते. माझ्या प्लेटवरची ढाल उभी दुभागलेली होती. अशा ढालीत आपल्या डावीकडचा अर्धा भाग नवऱ्याच्या घराण्याचा, उजवीकडचा बायकोच्या माहेरचा. मी नेमकं उलटं लिहिलं.

ते सुधारून पुन्हा पाठवलं. पाच आठवड्यांनी तीच ओळ.

आता गुन्हेगार होता सोन्याचा मुलामा. ढालीवर निळ्या पार्श्वभूमीवर पांढरा शेव्हरॉन (घराच्या छपरासारखी उलटी व्ही) दिसत होता, म्हणून मी ‘आर्जेंट’, म्हणजे चांदी किंवा पांढरा, असं लिहिलं होतं. निळ्यावर पांढरं ढालींच्या रंगनियमात बसतं, त्यामुळे संशयही आला नाही. प्रत्यक्षात तो ‘ऑर’, सोनेरी होता. सोनं सगळ्यात शेवटी, कमी आचेवर चढवतात, त्यामुळे घासलं की आधी तेच जातं. खोलीतला दिवा बंद करून टॉर्च अगदी आडवा धरला, तेव्हा शेव्हरॉनची जागा बाकी ग्लेझपेक्षा (भांड्यावरच्या काचेसारख्या चकचकीत थरापेक्षा) मंद दिसली. दहापट भिंगाखाली कडेच्या खाचेत सोन्याचे दोन-तीन कण सापडले. रकान्यात एक शब्द बदलला. नवव्या दिवशी घराण्याचं नाव हातात. लग्नाचं सालही मिळालं, म्हणजे प्लेट त्यानंतरचीच.

तुमच्या ढालीवर बारीक रेषा असतील तर रंगापेक्षा त्यांच्यावर विश्वास ठेवा. त्या बुकप्लेटवरून उतरलेल्या असतात. उभ्या रेषा म्हणजे लाल, आडव्या म्हणजे निळा, ठिपके म्हणजे सोनेरी, कोरं म्हणजे चांदी.

फी भरण्याआधी करायचं काम मला नंतर सुचलं: प्लेट उलटी करा. पॅरिसच्या सॅमसन कारखान्यासारख्यांनी एकोणिसाव्या शतकात अशा प्लेटांच्या भरपूर नकला केल्या. अस्सल प्लेटच्या बुडाच्या कड्यावर ग्लेझ नसतं आणि ग्लेझ जिथं संपतं तिथं बहुधा तांबूस-नारिंगी रेघ दिसते. अल्ट्राव्हायोलेट टॉर्चही फिरवा. नंतर रंगवलेली डागडुजी वेगळी चमकते.

ढालीचा आकारही काळ सांगतो. वेडीवाकडी, एका अंगाला झुकलेली नक्षी असेल तर १७४० ते १७६०च्या आसपास; फावड्याच्या पात्यासारखी साधी ढाल असेल तर १७८० नंतर. माझ्या प्लेटवर पहिली होती, आणि लग्नाचं सालही त्याच पट्ट्यात बसलं.

आणि प्लेट घासू नका. कोमट पाणी, मऊ कापड, बस. डिशवॉशरमध्ये तर मुळीच नाही. भिंतीवर टांगायची तर स्प्रिंगचा तारेचा हँगर नको. त्याचे आकडे कडेचे टवके काढतात.