तापवलेली हलगी

आमच्या मंडळाचा शाहिरी जलसा दरवर्षी १ ऑगस्टला, अण्णा भाऊ साठे यांच्या जयंतीला, चाळीमागच्या पटांगणात होतो. दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, अहवालवाचन आणि गुणवंतांचा सत्कार हे सारे नेहमीप्रमाणे पार पडते. माझा जीव अडकलेला असतो तो त्यानंतरच्या दीड तासात.

पावसाळी हवेत हलगीचे कातडे सैल पडते. म्हणून आमचे हलगीवाले काका मंचामागे पत्र्याच्या डब्यात रद्दी पेटवून तिच्यावर हलगी फिरवत बसतात, मधूनच टिचकी मारून कान लावतात आणि नाद कडक निघेपर्यंत कोणी कितीही घाई केली तरी जागचे हलत नाहीत. तो पहिला ठेका कडाडला की खिडक्याखिडक्यांतून माणसे डोकावतात.

मग एक निवृत्त गिरणी कामगार आजोबा बोलायला उभे राहत. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांना ते वडिलांचे बोट धरून गेले होते. पुढाऱ्यांच्या भाषणाआधी शाहीर अमर शेखांचा पहाडी आवाज उठला की मैदान कसे स्तब्ध होई, हे सांगताना त्यांचा स्वतःचा आवाज कापरा होई. तमाशाच्या सुरुवातीच्या गीतात, म्हणजे गणात, गणपतीला वंदन करण्याची रीत होती; अण्णा भाऊंनी त्या जागी मायभूमी, शिवराय आणि कष्टकरी माणूस यांना आणून बसवले, हा बदल ते दरवर्षी तितक्याच तळमळीने समजावत. अमर शेख आणि शाहीर द. ना. गव्हाणकर यांच्यासह १९४४ मध्ये उभ्या राहिलेल्या लाल बावटा कलापथकाने मागणीपत्रातली भाषा कामगाराच्या ओठांवर आणली. सरकारने तमाशावर बंदी घातली तेव्हा त्याच मातीतून लोकनाट्य उभे राहिले, असे ते म्हणत. आम्हाला ते भाषण पाठ होते, तरीही दर वेळी अंगावर काटा येई. गेली तीन वर्षे ते नाहीत आणि त्या जागी दुसऱ्या कोणी बोलावे असे मला अजून वाटत नाही.

शेवटी ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड, म्हणजे लावणीच्या ढंगाची रचना, होते. पोटासाठी मुंबईला आलेल्या माणसाचा विरह गाता गाता अण्णा भाऊ बेळगाव, कारवारपर्यंत पोहोचतात आणि ताटातूट झालेली मैना हाच खंडित महाराष्ट्र होतो. खासगी दुःखातून राजकीय मागणी इतक्या सहजपणे उभी करणारी दुसरी रचना मला ठाऊक नाही. आमच्याकडे ती एक मावशी गातात. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या मुंबईतल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, त्यांत त्यांचे यजमान होते. गिरणी पुन्हा उघडली नाही, ते गावी परतले आणि मावशी चार घरची धुणीभांडी करत मुलांच्या शाळेसाठी इथेच राहिल्या. त्यामुळे त्यांच्या तोंडी शब्द तेच असले, तरी मैना मुंबईत राहिलेली असते. झील धरणारी, म्हणजे मागे सूर धरून साथ देणारी मुले त्या ओळीला आपोआप आवाज खाली आणतात. हे त्यांना कोणी शिकवलेले नाही.

एक सल मात्र लिहिलाच पाहिजे. सत्कार उरकताच पाहुणे उठतात आणि पुढच्या दोन रांगा रिकाम्या होतात. विरार, बदलापूरला राहायला गेलेल्या आमच्याच मुलांकडून निमंत्रणाला उत्तर म्हणून जोडलेले हात येतात, माणसे येत नाहीत. लोकलचा प्रवास लांबचा आहे, हे मान्य. पण ज्यांच्या आजोबांनी ही गाणी मोर्चात गायली, त्यांनी वर्षातून एक संध्याकाळ द्यावी, ही अपेक्षा मी सोडणार नाही.

मंडपवाले आणि माइकवाले बंधू, रात्री जागून फलक रंगवणारे चित्रकलेचे गुरुजी, दोनशे माणसांचे पोहे करणारे महिला मंडळ, घरातून वायर ओढू देणारे तळमजल्यावरचे कुटुंब, खुर्च्या मोजून परत करणारी बालवाडीतल्या ताईंची दोन मुले आणि तुणतुण्याची तार ऐन वेळी बदलून देणारे वाद्यदुरुस्तीवाले, या सर्वांची आठवण इथे केलीच पाहिजे. लिहून झाल्यावर लक्षात आले की एक नाव राहिलेच: पाऊस आला की न सांगता हलगी आपल्या पदराखाली झाकून धरणाऱ्या, हलगीवाल्या काकांच्या पत्नी.