डीसीबी चाचणी: 16 थरांची प्लेट, मोड 1

डीसीबी म्हणजे डबल कँटिलिव्हर बीम: पट्टीचे दोन हात सरळ ओढून थरांमधली चीर उघडायची (हाच मोड 1) आणि ती वाढवायला किती ऊर्जा लागते ते मोजायचे. प्लेट तयार आहे. एकदिश कार्बन-इपॉक्सी प्रीप्रेग (आधीच राळ भरलेले फायबरचे थर), सगळे थर 0 अंशात, क्युअरनंतर (राळ तापवून कडक झाल्यावर) जाडी साधारण 3 मिमी. आठव्या आणि नवव्या थराच्या मध्ये सुरुवातीची चीर म्हणून 13 मायक्रॉनची टेफ्लॉन फिल्म. याहून जाड फिल्म नको. तिच्या टोकाशी राळ साचते आणि तिथून चीर सुटायला उगाच जास्त जोर लागतो. फिल्म नव्या ब्लेडने कापावी, कात्रीने कड मुडपते.

पट्ट्या 25 मिमी रुंद, 140 मिमी लांब. हात ओढण्यासाठीची बिजागरी चिकटवण्याआधी पृष्ठभाग सॅंडपेपरने घासून ॲसिटोनने पुसायचा. बिजागरी निसटली तर बहुतेक वेळा दोष रिलीज एजंटच्या (प्लेट साच्याला चिकटू नये म्हणून लावलेल्या पदार्थाच्या) अंशाचा असतो, गोंदाचा नाही. ती तिरकी बसली तर पट्टी पिळते आणि चीर एका कडेला पुढे पळते, म्हणून दोन्ही कडा बघाव्यात. भाररेषेपासून (बिजागरीतून भार लागतो त्या रेषेपासून) फिल्मच्या टोकापर्यंत 50 मिमी ठेवले आहे.

कडेला व्हाइटनरचा पातळ हात, त्यावर पहिल्या 5 मिमीत दर मिलिमीटरला खूण, पुढे दर 5 मिमीला. क्रॉसहेडचा (यंत्राच्या सरकत्या आडव्या दांड्याचा) वेग मिनिटाला 1 मिमी. कमाल भार जेमतेम 50 न्यूटनच्या आसपास येतो, त्यामुळे 50 किलोन्यूटनचा लोडसेल (भार मोजणारा संवेदक) इथे कुचकामी. 500 न्यूटनचा लावा. आधी चीर 3 ते 5 मिमी वाढवून भार उतरवायचा, टोकावर खूण करायची आणि मग खरी चाचणी. राळेचा साठा असा मागे पडतो.

हिशेब: जी, म्हणजे चीर वाढताना दर क्षेत्रफळाला लागणारी ऊर्जा = 3 × भार × उघडीप (भाररेषेशी हात किती उघडले) ÷ (2 × रुंदी × चीर-लांबी). भार 48 न्यूटन, उघडीप 4.35 मिमी, चीर 50 मिमी धरली तर 251 जूल प्रति चौरस मीटर. पण पट्टीचे हात चिरेच्या टोकाशी पक्के जखडलेले नसतात, तेही थोडे वळतात. म्हणून कंप्लायन्सचे (उघडीप ÷ भार) घनमूळ चीर-लांबीविरुद्ध मांडून रेषा चीर-लांबीच्या अक्षाला शून्याच्या किती मागे छेदते ते काढायचे आणि ती लांबी चीर-लांबीत मिळवायची. समजा 5 मिमी आली, तर उत्तर 228. दुरुस्ती गाळली की आकडा दहा टक्के फुगतो, आणि फुगलेलाच आकडा दिसायला छान असतो!

चीर पुढे सरकली की मागे फायबरचे केसासारखे पूल ताणलेले दिसतात. चीर-लांबीविरुद्ध मांडलेला जीचा आलेख चढतो तो त्यांच्यामुळे. 0/0 जोडावर (दोन्ही बाजूंचे थर 0 अंशात) हे पूल सहज तयार होतात. वेगवेगळ्या दिशांच्या थरांच्या लॅमिनेटमध्ये (थर चिकटून बनलेल्या प्लेटमध्ये) त्यांच्यावर भरवसा ठेवता येत नाही. डिझाइनसाठी त्यामुळे भार-उघडीप आलेख सरळ रेषा सोडतो त्या बिंदूचे जी-मूल्य घ्या. तेच सहसा सर्वांत कमी असते.